आल्पुखाराचे पाट आणि वाटा

अंदलुसचे नाव काढले की आपल्याकडे तीन-चार चित्रे ठरलेली असतात. तारिकने किनाऱ्यावर जाळलेली जहाजे, कुर्तुब्याची मशीद, गर्नात्याचा अलहमरा आणि शेवटी खिंडीत उभा राहून मागे वळून रडणारा अबू अब्दुल्लाह. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. पाचवी-सहावीची मुलेसुद्धा ही चित्रे न अडखळता सांगतात. त्यांतले पहिले आणि शेवटचे बहुतांशी दंतकथाच आहे, हे मात्र ना मुलांना ठाऊक असते ना त्यांच्या पालकांना. इक्बाल १९३३ साली कुर्तुब्याच्या मशिदीत जाऊन आले, तिच्यावर त्यांनी नज्म लिहिली आणि तेव्हापासून उर्दू वाचकाचा अंदलुस त्या खांबांच्या रांगेतच थबकून उभा आहे. खांब, कमानी, बागा आणि बादशहाचे अश्रू. नांगर धरणारा, रेशमाच्या किड्यांसाठी तुतीचा पाला तोडणारा, रात्रीबेरात्री आपल्या पाण्याच्या पाळीवर जाणारा माणूस या अंदलुसात कोठेच नाही.

तो माणूस शोधायचा तर शहर सोडून डोंगरात शिरावे लागते. आणि डोंगरात शिरण्यासाठी आजच्या स्पेनमध्ये सायकलीइतके योग्य वाहन दुसरे नाही, असे आमचे मत झाले आहे. आम्ही स्पेनला गेलेलो नाही. सायकलस्वारांसाठीचे नकाशे, मार्गांची वर्णने आणि मोरिस्कोंच्या इतिहासाची पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचताना आम्हाला जे दिसले, ते येथे मांडत आहोत.

स्पेनमध्ये रानावनातून आणि डोंगरांतून जाणाऱ्या सायकलमार्गांचे मोठे जाळे आहे. १९९३ पासून तेथे बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या जागी पायी आणि सायकलने जाण्याच्या वाटा तयार करण्यात येऊ लागल्या. त्यांना 'व्हिया व्हेर्दे' म्हणजे हिरवी वाट म्हणतात. आज अशा वाटांची एकूण लांबी ३,००० किलोमीटरहून अधिक आहे. कादिसच्या डोंगराळ भागात पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा ही ३६ किलोमीटरची वाट आहे. तिच्यावर ३० बोगदे आणि ४ मोठे पूल आहेत. १९२० च्या दशकात या लोहमार्गाचे काम सुरू झाले, पुढे पैसा आटला, यादवी युद्ध आले आणि त्या बोगद्यांतून एकही आगगाडी कधी धावली नाही. आता सायकली धावतात. खाएन प्रांतातून निघणारी १२८ किलोमीटरची 'तेलाची वाट' जैतुनाच्या बागांमधून जाते. तेलाला स्पॅनिशमध्ये 'आसेइते' म्हणतात. तो अरबी 'अज़्-ज़ैत'च आहे. सबंध अंदालुसियाला वळसा घालणारा 'त्रान्सआन्दालुस' हा सुमारे २,००० किलोमीटरचा मार्ग तर आठही प्रांतांतून फिरतो.

पण आम्हाला ज्या मार्गाविषयी लिहायचे आहे तो सिएर्रा नेवादा या बर्फाच्या डोंगराच्या कुशीतला आहे. या डोंगराभोवती 'त्रान्सनेवादा' नावाचा सायकलमार्ग आहे. लांबी सुमारे ४५० किलोमीटर, टप्पे आठ. बराचसा मार्ग जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्यांनी, समुद्रसपाटीपासून १,५०० ते २,००० मीटर उंचीवरून पाइन आणि ओकच्या झाडीतून जातो. पायी जाणाऱ्यांसाठी याच डोंगराभोवती सुमारे ३०० किलोमीटरची दुसरी वाट आहे. तिचे नाव 'सुलाइर'. अरबी भूगोलकार या डोंगराला जबल शुलैर म्हणत, त्यावरून हे नाव घेतले आहे. डोंगराचे सर्वांत उंच शिखर ३,४७९ मीटरचे. त्याचे नाव 'मुलासेन', म्हणजे मौलाय हसन. अबू अब्दुल्लाहचा बाप. संपूर्ण आयबेरियन द्वीपकल्पातील सर्वांत उंच जागेवर आजही एका गर्नाती सुलतानाचे नाव आहे.

या डोंगराच्या दक्षिण उताराला आल्पुखारा म्हणतात. दक्षिणेला समुद्र, उत्तरेला बर्फ आणि मध्ये खोल घळी. घळीच्या दोन्ही अंगांना चिकटलेली पांढरी गावे. उंचावरच्या कच्च्या रस्त्याने जाण्याऐवजी गावागावांतून जाणारा डांबरी रस्ता धरला, तर ग्रानादाहून निघालेला सायकलस्वार काही दिवसांत लाउखार दे आन्दाराक्स या गावी पोचतो. चढावर सायकलचा वेग चालत्या माणसाहून फारसा जास्त नसतो. त्यामुळे गावाच्या पाटीवरचे नाव नीट वाचता येते, भिंतीचा दगड दिसतो आणि रस्त्याच्या कडेने वाहणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून अधिक काय हवे?

ग्रानादातून दक्षिणेकडे निघाल्यावर पहिली खिंड लागते तिचे नावच 'मूरचा उसासा'. २ जानेवारी १४९२ रोजी शहर स्वाधीन केल्यावर अबू अब्दुल्लाह येथे थांबून रडला आणि त्याच्या आईने त्याला बायकांसारखे रडण्याबद्दल टोमणा मारला, अशी गोष्ट आहे. ती पसरली सोळाव्या शतकातल्या आंतोनिओ दे गेवारा या बिशपच्या लिखाणातून. म्हणजे जिंकलेल्या पक्षाच्या एका धर्मगुरूने सांगितलेली ही गोष्ट, आणि आपण ती चारशे-पाचशे वर्षे स्वतःचा मर्सिया म्हणून घोकत आलो. आमचा सल्ला असा की सायकलस्वाराने येथे पाणी प्यावे आणि पुढे निघावे.

खिंडीपलीकडे लेक्रिनचे खोरे आहे. संत्री-लिंबांच्या बागा. 'लेक्रिन' म्हणजे अरबी 'इक्लीम', मुलूख. मग लांखारोन, जेथील पाणी बाटल्यांत भरून सबंध स्पेनमध्ये जाते, आणि मग ऑर्खिवा. येथपर्यंत रस्ता सोपा आहे, म्हणून इतिहासाचा अवघड भाग येथेच सांगून टाकणे बरे.

२५ नोव्हेंबर १४९१ च्या तहात ग्रानादाच्या मुसलमानांना दीन, शरियतचे कायदे, मशिदी, पोशाख आणि मालमत्ता यांची हमी देण्यात आली होती. पहिला आर्चबिशप एर्नांदो दे तालावेरा हा समजूतदार माणूस होता. मुसलमानांना ख्रिस्ती करावे ही त्याचीही इच्छा होतीच, पण जबरदस्तीने नव्हे. त्यासाठी पाद्र्यांनी अरबी शिकावी असे त्याचे म्हणणे. त्याच्याच प्रेरणेने पेद्रो दे आल्काला याने अरबीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार केला; तो १५०५ साली छापला गेला. परंतु त्याआधीच, १४९९ मध्ये, सिस्नेरोस हा दुसरा धर्माधिकारी ग्रानादात आला होता. त्याने घाऊक बाप्तिस्मे दिले आणि अरबी ग्रंथांची होळी केली. शहरात आणि डोंगरात बंड झाले, ते मोडले गेले, आणि बंड केल्यामुळे तह रद्द झाला असे जाहीर करण्यात आले. १५०२ मध्ये कास्तीलच्या राज्यातील मुसलमानांपुढे दोनच रस्ते ठेवले गेले : बाप्तिस्मा किंवा देशत्याग. बहुतेकांनी बाप्तिस्मा घेतला. या बळजबरीने ख्रिस्ती झालेल्या मुसलमानांना आणि त्यांच्या वंशजांना मोरिस्को म्हणतात.

ऑर्खिवा सुमारे ४५० मीटरवर आहे. तेथून पोकेइरा घळीतले कापिलेइरा गाव गाठायचे तर सुमारे १,४४० मीटरवर चढावे लागते. हा या मार्गावरचा पहिला मोठा चढ. वळणामागून वळण, चेस्टनट, ओक आणि पॉप्लरची झाडी, आणि मग एकावर एक मांडल्यासारखी तीन गावे : पाम्पानेइरा, बुबिऑन, कापिलेइरा. येथल्या घरांना उतरते कौलारू छप्पर नाही. दगडी भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर दगडाच्या फरश्या आणि सर्वांत वर 'लाउना' नावाच्या राखाडी मातीचा थर. या मातीतून पाणी झिरपत नाही. मराठवाड्यातील माळवदाचे घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे घर लगेच ओळखू येईल. अगदी अशीच घरे समुद्रापलीकडे मोरोक्कोच्या ॲटलास डोंगरात आहेत. येथे अंजीर, मिरच्या आणि मका माळवदावर वाळत घालतात.

गावाखालचा सगळा उतार पायऱ्यापायऱ्यांचा आहे. दगडांच्या ताली रचून केलेली शेते. काही एवढी अरुंद की बैल वळवायला जागा नाही. हे काम एका पिढीचे नव्हे आणि एका सुलतानाचेही नव्हे. कोणत्याही दरबारी तवारिखेत ते करणाऱ्यांची नावे नाहीत.

आणि पाणी. आल्पुखाराचे सारे रहस्य पाण्यात आहे. उन्हाळ्यात येथे पाऊस नसतो, डोंगरावर मात्र बर्फ असतो. वसंतात बर्फ वितळते तेव्हा ते पाणी घळीतून थेट समुद्राला मिळू न देता उंचावरच पाट काढून डोंगराच्या अंगाने आडवे नेले जाते आणि जेथे जमीन सच्छिद्र आहे तेथे सोडून दिले जाते. ते जमिनीत मुरते, आतून हळूहळू उतरते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, खालच्या गावांच्या झऱ्यांतून बाहेर येते. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा आपल्याकडे भिंतीभिंतींवर लिहिली गेली. आल्पुखाराच्या शेतकऱ्याने ती कित्येक शतके आधी डोंगरावर लिहिली होती. दुसऱ्या प्रकारचे पाट थेट शेतांना पाणी देतात. त्यांवर प्रत्येक शेताची पाळी ठरलेली असते आणि ती सांभाळायला पाटकरी असतो. धुळे-नंदुरबारकडच्या फड पद्धतीची माहिती असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

सायकलवाटा पुष्कळ ठिकाणी या पाटांच्या सोबतीने जातात. ते स्वाभाविक आहे. पाण्याला अगदी हलका उतार लागतो आणि सायकलस्वारालाही तोच मानवतो.

आता शब्द पाहू. पाटाला स्पॅनिशमध्ये 'आसेकिया' म्हणतात. अरबी 'अस्-साकिया', पाणी पाजणारी. आपल्या गझलेतला साकी याच धातूचा. तेथे तो जाम भरतो, येथे शेत. तलावाला 'आल्बेर्का', म्हणजे अल्-बिर्का. बंधाऱ्याला 'आसूद', अस्-सद्द. पाणी साठवण्याच्या टाकीला 'आल्खिबे', अल्-जुब्ब. वस्तीला 'आल्केरिया', म्हणजे अल्-करिया. बांधकाम पाहणाऱ्या उस्तादाला 'आलारिफे', म्हणजे आपला आरिफ. गावच्या मुख्याला 'आल्काल्दे', म्हणजे काझी. आणि पाण्याच्या पाळीला 'दूला'. हा शब्द पाहून आम्ही वही खाली ठेवली. अरबी 'दौला', फिरत येणारी पाळी. दौलत शब्दही त्याच धातूचा. आपण दौलत म्हणजे तिजोरी समजतो. आल्पुखाराच्या शेतकऱ्याच्या लेखी ती आज तुझ्या शेतात, उद्या शेजाऱ्याच्या शेतात जाणारी पाळी होती.

काही शब्द तर आपल्या मराठीपर्यंत येऊन पोचतात. स्पॅनिश माणूस कुणा अमुक-तमुकाचा उल्लेख 'फुलानो' असा करतो. आपण फलाणा म्हणतो. संत्र्याला 'नारांखा', आपले नारिंग. साखरेला 'आसूकार'. वांग्याला 'बेरेनखेना' म्हणतात. अरबी बाज़िंजान, फारसी बादिंगान, आणि त्यामागे भाषाशास्त्रज्ञ संस्कृत वातिंगण दाखवतात, ज्यातून मराठीचे वांगेही आले. हे शब्द हिंदुस्थानातून निघाले, इराण आणि अरबस्तान पार करून स्पेनच्या डोंगरात पोचले, आणि वाटेत त्यांचा धर्म कोणी विचारला नाही. सर्व्हांतेसने 'दोन किखोते' या कादंबरीचा मूळ लेखक म्हणून सीदी हमीद बेनेन्खेली नावाचा एक काल्पनिक अरब उभा केला. सांचो पान्सा त्या बिचाऱ्याचे नाव बिघडवून 'बेरेनखेना' करतो. असो.

पोकेइरा घळ ओलांडली की 'ला ताहा' नावाची ग्रामपालिका लागते. मुसलमानी काळात आल्पुखाराचे महालांसारखे विभाग होते, त्यांना 'ताहा' म्हणत. अरबी 'ताअत', आज्ञापालन. म्हणजे एका अंमलाखाली येणारा मुलूख. १९७१ मध्ये काही छोटी गावे एकत्र करून ग्रामपालिका स्थापन झाली, तेव्हा तिला हेच जुने नाव देण्यात आले.

हेच शब्द एके काळी गुन्हा होते, हे येथे लक्षात घ्यायला हवे. १ जानेवारी १५६७ रोजी फेलिपे दुसरा या राजाचा हुकूम ग्रानादात जाहीर झाला. मोरिस्कोंनी तीन वर्षांत कास्तीलची भाषा शिकावी. त्यानंतर अरबी बोलणे, वाचणे, लिहिणे हा गुन्हा. अरबी नावे नकोत, पोशाख नको, स्त्रियांनी चेहरा झाकू नये, हमाम बंद, लग्नातले 'साम्ब्रा' हे गाणे-बजावणे बंद. या हुकुमाविरुद्ध फ्रान्सिस्को नुन्येस मुले नावाच्या वृद्ध मोरिस्को गृहस्थाने ग्रानादाच्या न्यायपीठाच्या अध्यक्षाकडे एक अर्ज केला. आमच्या मते सोळाव्या शतकातील हा एक फार महत्त्वाचा कागद आहे आणि आपल्याकडे त्याचे नावही कोणी घेत नाही, कारण त्यात तलवार नाही.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते. पोशाख हा मुलखाचा असतो, धर्माचा नव्हे. राज्याच्या प्रत्येक प्रांतातल्या स्त्रियांचा पोशाख वेगळा आहे आणि त्या सगळ्या ख्रिस्तीच आहेत. भाषाही तशीच. पूर्वेकडचे ख्रिस्ती अरबी बोलतात, माल्टा बेटावरचे लोक पक्के कॅथलिक असून अरबीच बोलतात आणि लिहितात. ज्या म्हाताऱ्या माणसांना दुसरी भाषा कधी कानावर पडलेली नाही, ती तीन वर्षांत कशी शिकतील? त्याने एक जुनी आठवणही दिली. तरुणपणी तो आर्चबिशप तालावेराच्या सेवेत होता. आल्पुखारातील उखीखार या गावी (ते आपल्या मार्गावर पुढे येणार आहे) तालावेरा प्रार्थना चालवी तेव्हा ऑर्गनऐवजी साम्ब्राची वाद्ये वाजत आणि आर्चबिशप लोकांना लॅटिनऐवजी अरबीत बरकतीची दुआ देई. अर्जाचा उपयोग झाला नाही.

त्रेवेलेस हे स्पेनमधील सर्वांत उंच गावांपैकी एक, सुमारे १,४८० मीटरवर. सायकलस्वार येथे मुक्काम करतात. येथील थंड, कोरड्या हवेत मुरवलेली डुकराची मांडी देशभर प्रसिद्ध आहे आणि दुकानादुकानांत ती आढ्याला टांगलेली दिसते. आपल्यापैकी कोणी तिकडे गेलेच तर जेवण विचारून घ्यावे. पालेभाजीच्या सूपमध्येसुद्धा तुकडे निघतात. पण हा केवळ खाण्याचा विषय नाही. ग्रानादात १५२६ पासून इन्क्विझिशनचे न्यायपीठ होते. डुकराचे मांस न खाणे, दारू नाकारणे, शुक्रवारी अंघोळ करून स्वच्छ कपडे घालणे, रमजानच्या दिवसांत दुपारी चूल न पेटवणे, या गोष्टी तेथे पुरावा म्हणून मांडल्या जात. साक्ष देणारे बहुधा शेजारी किंवा घरचे नोकर असत.

त्रेवेलेसहून बेर्चुलेस, मेसिना बोम्बारॉन, येखेन आणि वालोर अशी गावे ओळीने लागतात. रस्ता घळीत उतरतो, पुन्हा चढतो. १५६८ च्या नाताळच्या आदल्या रात्री याच गावांतून बंडाला तोंड फुटले. वालोरच्या घराण्यातला फेर्नांदो नावाचा तरुण पुढारी झाला. त्याने आपला वंश उमय्या खलिफांशी जोडून इब्न उमय्या हे नाव घेतले; स्पॅनिश लोक त्याला आबेन उमेया म्हणतात. बंडखोरांनी पहिल्याच दिवसांत गावोगावचे पाद्री आणि ख्रिस्ती कुटुंबे कापून काढली. आपल्या उर्दू पुस्तकांत हे येत नाही. येथे लिहून ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण त्या मेलेल्यांतही शेतकरी होते. पुढे राजाचा सावत्र भाऊ दोन खुआन याने मोठी फौज आणली. १५७० च्या फेब्रुवारीत गालेरा हे गाव त्याने जमीनदोस्त केले आणि जमिनीवर मीठ पेरले. आबेन उमेयाला १५६९ च्या ऑक्टोबरात त्याच्याच माणसांनी मारले. त्याच्यानंतरचा पुढारी, मेसिना बोम्बारॉनचा आबेन आबो, १५७१ च्या मार्चमध्ये बेर्चुलेसजवळच्या एका गुहेत आपल्याच सोबत्यांकडून मारला गेला.

बंडाचा शेवट रणांगणावर झाला नाही, रस्त्यावर झाला. १५७० च्या नोव्हेंबरपासून ग्रानादा राज्यातील सुमारे ८०,००० मोरिस्कोंना, ज्यांनी बंड केले नव्हते त्यांनाही, गावातून उठवून कास्तील आणि अंदालुसियाच्या दूरच्या शहरांकडे हाकण्यात आले. हिवाळा होता. भूक, थंडी आणि आजार यांनी फार मोठ्या संख्येने माणसे वाटेतच गेली. त्यानंतर ४० वर्षांनी, १६०९ ते १६१४ या काळात, सबंध स्पेनमधून सुमारे ३,००,००० मोरिस्को देशाबाहेर घालवले गेले. पण आल्पुखारापुरता कडेलोट १५७० मध्येच झाला होता.

रिकाम्या गावांत राजाने उत्तरेकडून माणसे आणून वसवली : गालिसिया, आस्तूरियास, लेओन आणि इतर भागांतून. त्यांना घर, शेत, तुतीची झाडे वाटून दिली. परंतु पावसाच्या मुलखातून आलेल्या या लोकांना पाटाचे पाणी कधी कोठे सोडायचे हे कळेना. कोणते शेत कोणाचे, कोणती पाळी कोणाची, हेही कळेना. तेव्हा जमिनीच्या नोंदवह्या करण्यासाठी आणि पाण्याची व्यवस्था समजावण्यासाठी काही जाणत्या मोरिस्कोंना मागे ठेवून घ्यावे लागले. त्यांनी शेताशेताची आणि पाटापाटाची नावे सांगितली. तीच नावे राजाच्या कारकुनांनी लिहून घेतली. ज्या भाषेवर तीन वर्षांच्या मुदतीने बंदी घातली होती, तिच्यातल्या शब्दांवाचून राजाच्या नव्या रयतेच्या शेतात पाणी जाईना! नवे लोक ते शब्द वापरू लागले, त्यांची मुले वापरू लागली, आणि शब्द अरबी आहेत हे विसरून गेली. अलहमरा राहिला तो राजाला आवडला म्हणून. 'आसेकिया' राहिली ती गरजेपोटी. रेशमाचा धंदा मात्र सावरला नाही. आल्पुखाराचे रेशीम एके काळी दूरदूर जात असे. त्या हातांबरोबर ते गेले.

येथे मार्ग सोडून थोडे उत्तरेला, आरागॉनमध्ये जायला हवे, कारण नुन्येस मुलेच्या अर्जाची दुसरी बाजू तेथे आहे. आरागॉनचे मोरिस्को पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती शेजाऱ्यांत राहून अरबी विसरले होते. पण दीन विसरले नव्हते. ते कुराणाचे अर्थ, नमाजचे मसले, नबींच्या कथा स्पॅनिश भाषेत लिहीत, मात्र लिपी अरबी. या लिखाणाला 'आल्खामिया' म्हणतात; अरबी 'अजमिया', म्हणजे अजमी भाषा. १८८४ मध्ये आल्मोनासिद दे ला सिएर्रा या डोंगरी गावात एक जुने घर पाडताना आत लपवलेली अशी कित्येक हस्तलिखिते सापडली. ग्रानादाचा नुन्येस मुले म्हणत होता की अरबी बोलणारा ख्रिस्ती असू शकतो. आरागॉनच्या शेतकऱ्याने दाखवून दिले होते की स्पॅनिश बोलणारा मुसलमान असू शकतो. राजाला दोन्ही मान्य नव्हते. उर्दूत शिकवणाऱ्या आणि मराठीत लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना ही दोन माणसे फार जवळची वाटतात.

पुन्हा आल्पुखाराकडे. विसाव्या शतकात ही गावे दुसऱ्यांदा ओस पडू लागली. या वेळी फौजेमुळे नव्हे, पोटासाठी. १९५० आणि ६० च्या दशकांत तरुण माणसे बार्सेलोना, जर्मनी, फ्रान्सकडे गेली. ताली ढासळल्या, पाटांत झुडपे उगवली. १९९९ मध्ये सिएर्रा नेवादा राष्ट्रीय उद्यान झाले आणि पायी फिरणारे व सायकलस्वार वाढत गेले. खानावळी आणि मुक्कामाची घरे उघडली. शेतीला यामुळे माणसे मिळाली असे नाही. पण २०१४ मध्ये कान्यार गावात ग्रानादा विद्यापीठाच्या पुढाकाराने स्वयंसेवकांनी कुदळी-फावडी घेऊन अनेक वर्षे कोरडा पडलेला बार्खास नावाचा पाट मोकळा केला. त्यानंतर अशी कामे इतर गावांतही होत गेली. पाट कोठून जात होता, कोठे फुटत होता, हे सांगायला गावातले म्हातारे होते म्हणून काम झाले.

वालोरमध्ये दर सप्टेंबरात मूर आणि ख्रिस्ती यांच्या लढाईचा खेळ होतो. गावचेच लोक दोन्ही बाजू घेतात, बार उडवतात, जुने संवाद म्हणतात. आबेन उमेयाचे हे गाव. खेळात मूर दरवर्षी हरतात आणि बाप्तिस्मा घेतात. मूर होण्याची हौस मात्र पुष्कळांना असते, कारण त्यांचे कपडे अधिक झगमगीत! ऑर्खिवाच्या बाजूला गेल्या काही दशकांत सूफी सिलसिल्यातल्या युरोपीय नवमुस्लिमांची छोटी वस्ती झाली आहे, आणि ग्रानादाच्या आल्बाइसिन मोहल्ल्यात २००३ मध्ये नवी मशीद उघडली. हे लोक बंडखोरांचे वंशज नव्हेत. तसे वंशज शोधायचे तर मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशियात शोधावे लागतील.

वालोरहून रस्ता उखीखारला उतरतो, जेथे तालावेराच्या प्रार्थनेत साम्ब्रा वाजत होती. पुढे प्रांत बदलतो आणि लाउखार दे आन्दाराक्स येते. अबू अब्दुल्लाहला ग्रानादा सोडल्यावर याच भागात जहागीर मिळाली होती. १४९३ मध्ये ती विकून तो समुद्रापलीकडे गेला. आबेन उमेया मारला गेला तोही लाउखारमध्येच. गावाच्या वर आन्दाराक्स नदीचा उगम आहे, भोवती पॉप्लरची सावली आहे, आणि सुट्टीच्या दिवशी आसपासची कुटुंबे तेथे डबे घेऊन येतात. सायकलस्वारासाठी येथून चढ संपतो. रस्ता नदीच्या काठाने, द्राक्षमळ्यांतून, अधिकाधिक कोरड्या होत जाणाऱ्या मुलखातून आल्मेरियाच्या बंदराकडे उतरतो. १५७० च्या हिवाळ्यात या बाजूच्या मोरिस्कोंना त्याच बंदरावर गोळा करून गलबतांत भरले आणि सेव्हिलकडे नेले.